समुद्राचं पाणी कुठे जातं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते नानांचे. ते माझे नात्याने कुणी लागत नाहीत. चोपडा तालुक्यात तापीच्या काठावर आमचं गाव आहे आणि नाना त्या गावचे नावाडी होते. आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती. आठवीसाठी नदीपलीकडे जावं लागायचं. पूल होता, पण लांब. एसटी यायची, पण तिच्या मर्जीने. उन्हाळ्यात नदी उतरली की आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत जायचो. बाकीचे महिने नाना.

त्यांची नाव म्हणजे लाकडी, जड, डांबर लावलेला डोंगा. पलीकडचा घाट समोर दिसत असला तरी नाना कधी सरळ तिकडे नाव घालत नसत. आधी काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट, बांबू रोवत वर जायचे. बरंच वर गेलं की नाव मधल्या धारेत सोडायचे, आणि मग नदीच आम्हाला तिरकं वाहून नेत घाटावर आणून लावायची. रविवारी ते मासे धरायला जायचे आणि मलाही घ्यायचे, तेव्हाही तेच. सकाळी हातांत जोर असताना उलट्या पाण्याने वर, आणि परत येताना पाण्याबरोबर.

"पह्यले पानीसंगे भांडानं," ते म्हणायचे. "मंग तेच तुले घर लई येस. पानीसंगे जातांना कोन्हीबी शूर ऱ्हास."

दुसरा नियम थकल्यावर कामी येणारा होता. "हात थकनात ते नदीसंगे वाद नही घालाना. काठ धरी लेवाना."

बारावीनंतर जळगावच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता तेव्हा तापीला पूर होता. रस्ता नाल्याच्या पाण्याखाली गेलेला, एसटी बंद. माझे वडील काठावर उभे राहून म्हणाले, "जाऊ द्या नाना, पुढच्या वर्षी पाहू." आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीसुद्धा झालेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज एक वर्ष थांबलं तर काय बिघडतं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते काठावरच्या महादेवाच्या देवळाच्याही वर नाव ओढत घेऊन गेले, दोनदा काठाची झुडपं धरून थांबले, आणि मग नाव धारेत सोडली. घाट चुकला, आम्ही खूप खाली एका कापसाच्या शेतात लागलो. पण पलीकडे लागलो. माझे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी नानांच्या डोक्यावर फेट्यात बांधलेली. ती पिशवी कोरडी राहिली म्हणून मी आज पदवीधर आहे.

नोकरी लागली ती थेट कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी, सरकारी कार्यालयात. निघायच्या आदल्या दिवशी नानांच्या पाया पडायला गेलो. तोवर त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, गुडघे गेले होते, आणि नाव निंबाच्या झाडाखाली पालथी घातलेली होती. मुलं शाळेच्या गाडीतून जायला लागली होती. नानांनी डोक्यावर हात ठेवला आणि एक काम सांगितलं.

"नदी समिंदरमा जास, ते बठ्ठासले ठाऊक शे. पन समिंदरनं पानी कोठे जास? पाहीसन सांगजो माले."

मी हसलो नाही. बी.एस्सी. झालेल्या माणसाने भरती-ओहोटी वाचलेली असते, चंद्राची आकृती काढून गुण मिळवलेले असतात. पण आयुष्यभर एकाच दिशेने जाणारं पाणी पाहिलेल्या माणसाला ती आकृती काय सांगणार? म्हटलं, "पाहतो, नाना. पत्र लिहितो." फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. पत्र आलं की त्यांची नात ते मोठ्याने, आपल्या बोलीत करून वाचून दाखवते.

समुद्र मला कार्यालयातल्या दादांनी दाखवला. दादा आमचे हेड क्लार्क, जन्म मासेमारांच्या घरातला. सुट्टीच्या दिवशी ते कयाकवर बसून मासे धरायला जात. कयाक म्हणजे प्लास्टिकची लांबट, एकट्याने बसायची होडी. वर बसायचं, पाय पुढे पसरायचे आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती लहान मुलांच्या घसरगुंडीचा तुकडा वाटली होती.

"पोहता येतं?" दादांनी विचारलं.

"तापीत शिकलोय."

"तापी गोडी. इथे खारं पाणी आहे, उचलून धरतं. तुला बुडायलासुद्धा मेहनत लागेल. चल, पड."

"पड म्हणजे?"

"म्हणजे पड. चढायला शिकल्याशिवाय कयाक देत नाही मी कुणाला."

पहिला रविवार मी तरंगायचं जॅकेट घालून पाण्यात पडण्यात आणि कयाकवर पोटाने सरपटत चढण्यात घालवला. जेटीवरच्या बायका मासे निवडायचं सोडून बघत होत्या. एक म्हणाली, "हा कुठला म्हणायचा?" दादा ओरडले, "खानदेशातला! भरीत खाऊन आलाय, म्हणून जड झालाय!" पण खरंच पाण्याने मला उचलून धरलं होतं. तोंडात गेलेलं पाणी थुंकायचं विसरून मी ती खारट चव तशीच धरून ठेवली. एवढं पाणी, आणि सगळंच्या सगळं खारट. पुस्तकात ते एका ओळीत होतं.

दोन महिने दादांच्या मागे मागे गेलो. गळाला जिवंत कोळंबी कशी लावायची, की ती मरणार नाही. खडकाच्या कडेला दोरी कशी सोडायची. मासा लागला की पाय कुठे रोवायचे. पहिली तांबोशी लागली तेव्हा माझा विश्वासच बसेना. तापीवर आम्ही मासा ओढायचो. इथे वीतभरही नसलेली ती लालसर मासळी मला ओढत होती, कयाकचं तोंड फिरवत होती. मी एवढा मोठा माणूस, सरकारी नोकर, आणि एक मासा ठरवत होता की मी कुठे बघायचं.

दादांनी वेळेचं गणितही शिकवलं. तिथी पाहायची, तिची पाऊणपट करायची. जेवढं येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी असेल तर नऊ. हिशेब साधा होता, मला लगेच पाठ झाला. आपल्याला आलं असं वाटण्याइतका साधा.

पुढच्या एका द्वादशीला दादा लग्नाला गेले होते. मी विचारून त्यांची कयाक घेतली आणि एकटाच निघालो. सकाळचे साडेसहा वाजले होते. भरती चढत होती. पाणी समुद्राकडून खाडीत, माझ्या तोंडावर येत होतं. मला ते फार आवडलं. उलटं पाणी! म्हणजे आता भांडायचं, आणि येताना हेच घरी आणेल. नऊ वाजता भरती संपते हे मला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर घड्याळ न बघता सांगितलं असतं. पण ते डोक्याला माहीत होतं. खांद्यांना नाना माहीत होते.

दोन तास वल्हं मारून मी खाडीच्या तोंडाशी पोचलो. तिथे प्रथमच एकट्याने मोकळा समुद्र पाहिला. लाट फुटत नव्हती. नुसतं पाणी खालून यायचं आणि मला, सुपात पाखडताना दाणा वर उचलला जावा तसं, अलगद उचलून पुन्हा ठेवायचं. पुढे काठ नव्हता. आमच्याकडे कुठेही बघा, शेवटी सातपुडा असतो, नाहीतर केळीची बाग, नाहीतर कुणाचं तरी शेत. इथे नजर जायची आणि परतच यायची नाही. कयाकजवळच पाण्यातून एक करडी पाठ वर आली, वळली आणि गेली. डॉल्फिन. श्वास सोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी हातातली दोरी विसरलो. किती वेळ बसलो, सांगता येणार नाही.

परत फिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. वल्हं मारलं. काठावर माझ्या बरोबरीला एक खडक होता, त्यावर पांढरा बगळा. दहा-पंधरा मिनिटं मारत राहिलो. मान वळवून पाहिलं, तर बगळा माझ्या मागे असायला हवा होता, तो पुढे होता.

मी समुद्राकडे चाललो होतो.

तेव्हा सगळं एकदम कळलं. मी दोन तास ज्या पाण्याशी भांडलो होतो, ते मला घरी न्यायला थांबलंच नव्हतं. तेही उलटं फिरलं होतं. फोन पिशवीत होता, पण टेकडीच्या आडोशाला रेंज नव्हती. जोर लावला. खांद्यांत गोळे आले. खडक आणखी थोडा पुढे गेला. त्या क्षणी मला घरची, देवाची, कशाचीच आठवण आली नाही. फक्त एक वाक्य आलं. काठ धरी लेवाना.

मी खाडीच्या दिशेने वल्हवणं सोडलं आणि कयाक आडवी घातली, काठाकडे. वाहत वाहत, तिरका, पुरातल्या त्या दिवसासारखा, मी तोंडाजवळच्या शेवटच्या कांदळवनात शिरलो आणि एक फांदी दोन्ही हातांनी धरली. कयाक मुळांना बांधली. मग मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. बसून राहिलो.

साडेचार तास मी तिथे होतो. अर्धी बाटली पाणी होतं, ते घोटाघोटाने पुरवलं. समोरून खाडी रिकामी होत होती. चिखल उघडा पडला, त्यातून लाल खेकडे निघाले. तापीच्या काठावर आयुष्य काढलेल्या माणसाला वाट बघणं ठाऊक असतं. पूर ओसरायची वाट बघतात, बसची बघतात. पण गेलेलं पाणी परत येण्याची वाट आमच्याकडे कुणी बघत नाही. मला भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली, मी बघत होतो.

तीनच्या सुमारास एक सुकं पान माझ्या समोर पाण्यावर थांबलं. वारा नव्हता. पान जिथल्या तिथे. सगळी खाडी, त्या काठापासून या काठापर्यंत, थांबली होती. एवढं पाणी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग पान हललं. अगदी हळू, बोटभर. आत, गावाकडे.

मी हात जोडले, कुणाला ते माहीत नाही. चंद्राची आकृती मी दहा वेळा काढली असेल. हे त्या आकृतीत कुठेच नव्हतं.

येताना वल्हं जवळजवळ मारावंच लागलं नाही. जेटीवर दादा लग्नाच्या कपड्यांत उभे होते, शेजारी मला शोधायला निघालेली मोटरबोट.

"द्वादशीची पाऊणपट किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मग नऊनंतर बाहेर कोणाच्या बारशाला गेला होतास?"

मी त्यांना नानांचा नियम सांगितला. वाटलं, हसतील. ते कयाकवर टेकले.

"आम्ही ओहोटीबरोबर बाहेर जातो आणि भरतीबरोबर आत येतो," ते म्हणाले. "जातानाही त्याच्याबरोबर, येतानाही त्याच्याबरोबर. भांडण नाहीच. पण हे ज्याच्या पाण्याला परत यायची सवय आहे त्याने बोलावं. तुझ्या नानांनी ते कुठून बोलावं?" मग उठले. "आणि काठ धरायचं कुणी शिकवलं?"

"त्यांनीच."

"मग त्यांना एक पत्र टाक. कयाक महिनाभर बंद."

पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. नानांनी एकच काम सांगितलं होतं, आणि उत्तर आता माझ्याजवळ होतं. पण उत्तर लिहायचं तर त्यांचा नियम इथे चालत नाही हेही लिहावं लागणार होतं. नाव पालथी पडलेली, घाट मोकळा. नानांजवळ आता ते दोन नियमच तर होते. नात मोठ्याने वाचणार. ओट्यावर आणखी चार माणसं बसलेली असणार. भरतीचं वर्णन करून माझी फजिती वगळलेला एक कागद मी लिहिला. तो फाडला. ज्या माणसाने माझे कागद डोक्यावर बांधून कोरडे नेले, त्याला अर्धं पत्र पाठवायचं नाही, एवढं ठरलं आणि मग हे पाठवलं:

"तीर्थस्वरूप नानांस साष्टांग नमस्कार.

समुद्राचं पाणी कुठे जातं, ते तुम्ही पाहून सांगायला सांगितलं होतं. पाहिलं. ते कुठेच जात नाही, नाना. सहा तास जातं आणि सहा तास परत येतं. मधे थोडा वेळ थांबतं. मी ते थांबलेलं डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी एकटा लहान होडीतून मासे धरायला गेलो होतो. तुम्ही सांगितलं तसं आधी उलट्या पाण्याने गेलो. परत निघेपर्यंत पाणी फिरलं आणि मला बाहेर न्यायला लागलं. तुमचा पहिला नियम इथे चालत नाही. हे लिहिताना हात जड होतो, पण तुम्ही खरं विचारलं होतं. दुसरा नियम चालतो. हात थकले तेव्हा मी वाद घातला नाही, काठ धरला. तेवढ्यामुळे हे पत्र लिहायला आहे.

इथली माणसं पाण्याशी भांडत नाहीत. जाताना त्याच्याबरोबर जातात, येताना त्याच्याबरोबर येतात. तुम्हाला पटणार नाही. मलाही पाहीपर्यंत पटलं नसतं. म्हणून दिवाळीनंतर भुसावळहून गाडीत बसा, पुढचं मी बघतो. गुडघ्यांची काळजी नको, खुर्चीवर बसूनसुद्धा दिसतं. तिथी बघून जेटीवर नेतो. पाण्यात एक पान टाकू. ते आधी थांबेल, मग फिरेल. ते तुम्ही स्वतः पाहावं असं मला फार वाटतं.

आईला होडीचं सांगू नका. पत्र वाचून झालं की नातीला म्हणावं, हा कागद पालथ्या नावेखाली ठेव, कोरडा राहील.

तुमचा,
पलीकडे नेलेला पोऱ्या"