दोनदा वाचलेला गृहपाठ

दोन फॉर्म मीच आणले, ही माझी पहिली चूक. एकावर खाडाखोड झाली तर हाताशी दुसरा असावा, एवढाच विचार. माझा पहिलाच फॉर्म नीट भरला गेला आणि दुसरा स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून राहिला. तो धाकट्या जावेने भरला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी कोरेगावजवळच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. डी.एड. झालं होतं, पण पदवी नव्हती. घरी राहून बी.ए. करता येईल असा टपालाचा अभ्यासक्रम निघाल्याचं शाळेत कळलं. विषय इतिहास घेतला, कारण इतिहास पाठ करता येतो असा माझा समज होता. आता हेच शिक्षण लोक फोनवर घेतात. तेव्हा पुस्तिका पोस्टमन आणून द्यायचा, गृहपाठ लिहून साताऱ्याच्या अभ्यासकेंद्रावर द्यायचे आणि तिथे दर रविवारी एक तरुण सर तास घ्यायचे. घरचं बघायला कुणीतरी हवं, म्हणून एका रविवारी मी जायचे, पुढच्या रविवारी धाकटी. जी जाईल तिने दोघींचे गृहपाठ न्यायचे.

हे सगळं मी आखून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं: कोणती पुस्तिका कधी संपवायची, कोणता गृहपाठ कधी द्यायचा, सनावळ्या कोणत्या वारी. धाकटीने तो कागद एकदा वाचला, "लय भारी केलंय आक्का," म्हणाली आणि पुन्हा म्हणून त्याच्याकडे पाहिलं नाही.

ती शेंगा फोडता फोडता पुस्तिका वाचायची. वाचलेलं लगेच सासूबाईंना सांगायची, शेजारच्या घरात काल काय झालं ते सांगावं तशी. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण कुठल्याशा बादशहाने भावाला कैदेत टाकलं म्हटल्यावर त्या शेंगा खाली ठेवून विचारायच्या, "आन आई काय म्हनली त्याची?" धाकटी तितक्याच गंभीरपणे पुस्तिकेत आई शोधायची. मी आतल्या खोलीत सनावळ्या घोकत असायचे आणि त्या दोघींचं हसणं मला ऐकू यायचं.

पहिल्या गृहपाठात मला वीसपैकी अकरा पडले, तिला सोळा. दुसऱ्यात मला बारा, तिला सतरा. माझं माहेर सांगलीचं, शहरातलं. शिक्षण तिथल्या चांगल्या शाळेत झालेलं, अक्षर मोत्यासारखं. ती उंब्रजच्या बाजूची, बारावी झाल्या झाल्या लग्न होऊन आलेली. तिची पानं डाळीच्या हातांनी डागाळलेली असत, समासही नसे. हे मार्क मी वहीत टिपून ठेवायचे आणि वही मिटली तरी ते डोळ्यांपुढे राहायचे. गावात कुणी "धाकटी हुशार हाय" म्हटलं की मी म्हणायचे, "हो ना, तिचा फॉर्म मीच आणला." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, ते मात्र कुठे टिपलेलं नाही.

तिसरा गृहपाठ वेगळा होता. घरातल्या किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसाला भेटून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आठवणी लिहून आणायच्या होत्या. आमच्या घरात हे सोपं होतं. आमचे सासरे त्या युद्धात पलटणीत होते. ते वारले होते, पण आत्या होत्या. मी बावीस प्रश्न काढले, क्रमांक घातले, प्रत्येकाखाली उत्तराला तीन ओळी सोडल्या आणि एका दुपारी आत्यांपुढे बसले.

"मामंजी युद्धावर कोणत्या साली गेले?"

"साल कुनाला ठावं? सुगी व्हती."

"त्यांची पत्रं यायची का?"

"यायची की."

"तुम्हाला वाचून कोण दाखवायचं?"

"मास्तर वाचायचे. शाळंतले."

"खुशाली कळायची?"

"व्हय."

बावीस प्रश्न अर्ध्या तासात झाले. सोडलेल्या तीन ओळींपैकी दोन बहुतेक ठिकाणी रिकाम्या राहिल्या, म्हणून मी त्या पुस्तिकेतल्या माहितीने भरल्या. पत्रांतून सैनिकांच्या कुटुंबीयांना नियमित खुशाली कळत असे, असं मी शेवटी लिहिलं आणि त्याखाली पट्टीने रेघ मारली.

गृहपाठ द्यायचा तो रविवार माझा होता. धाकटीने निघताना आपले कागद माझ्या पिशवीत टाकले. बस कोरेगावातून सुटली आणि मी ते बाहेर काढले. आता लपवण्यात अर्थ नाही. माझ्या पिशवीतून जाणारा तिचा प्रत्येक गृहपाठ मी बसमध्ये वाचायचे.

तिनं लिहिलं होतं की सासऱ्यांची पत्रं आत्या दोन ठिकाणी वाचून घ्यायच्या. आधी गावातल्या मास्तरांकडून आणि मग बाजाराच्या दिवशी कोरेगावात एका शिंप्याकडून. कारण एकदा मास्तरांनी पत्र वाचलं, 'मी खुशाल आहे, काळजी करू नये', आणि 'झालं' म्हणून परत दिलं. आत्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद दोन्ही बाजूंनी भरलेला आहे हे दिसत होतं. एवढं लिहिलंय आणि चार शब्दांत कसं संपलं? त्यांनी तो पदराला बांधला आणि कोरेगावापर्यंत चालत गेल्या. शिंप्याने सगळं वाचलं. पायात बॉम्बचे तुकडे घुसले होते, दोन महिने इस्पितळात होते, पाय राहील की नाही सांगता येत नव्हतं. पोरीचा जीव घाबरेल म्हणून मास्तरांनी ते गाळलं होतं. आत्या मास्तरांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढचं पत्रही आधी त्यांच्याकडेच नेलं. मग शिंप्याकडे.

शेवटी चार ओळी होत्या. "सासूबाई म्हणाल्या की हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, आक्कांना का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगितलं असतं, पण माझं एक बोलणं संपायच्या आत तिचा दुसरा प्रश्न तयार असतो."

खिडकीबाहेर ऊस चालला होता. मी त्या घरात तिच्या आधी सहा वर्षं आले होते. आत्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी करवून घेतलं, औषधाच्या वेळा मी पाळल्या. आणि बोलल्या तिच्याशी.

तासाला पंधरा-सोळा जण असत, बहुतेक नोकरी करणारे. सरांनी दोन्ही गृहपाठ लगेच चाळले आणि हसून म्हणाले, "बाई, सासूबाई एकच ना? तुमच्याकडे पत्रांतून नियमित खुशाली कळते. यांच्याकडे तर पत्र वाचणाराच खुशाली बनवून सांगतोय. खरं कुठलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "सर, धाकटीला गोष्टी रचायची सवय आहे."

सरांचं हसू गेलं. त्यांनी तिचे कागद मला परत दिले. "मग मला हे घेता येणार नाही. असं करा. सासूबाईंना वाचून दाखवा. खरं असेल तर खाली त्यांचा अंगठा घेऊन पुढच्या रविवारी पाठवा. नाहीतर या गृहपाठाला शून्य."

धाकटीचे मार्क आता माझ्या पिशवीत होते. परतीच्या बसमध्ये मला शरम वाटायला हवी होती. मी शून्याचा हिशेब करत होते. तिला शून्य आणि मला नेहमीसारखे अकरा-बारा पडले, तर ती माझ्या खाली येत होती.

घरी आल्यावर आत्यांना म्हटलं, सरांनी तुम्हाला वाचून दाखवायला सांगितलंय, खरं असेल तर अंगठा द्या. त्या अंगणात बसल्या होत्या. मी वाचलं. मास्तरांचं वाचलं, शिंप्याचं वाचलं, पायाचं वाचलं. शेवटच्या चार ओळी आल्या आणि मी कागद खाली केला.

"झालं?" आत्या म्हणाल्या.

"झालं."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. तेव्हाही मला कळलं नाही.

"ठेव हितं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला. "धाकटे, ह्ये जरा वाच गं मला."

"आवं, मीच लिवलंय की आत्या."

"मग वाच की."

ती वाचत गेली. शेवटाला येऊन थांबली.

"का थांबलीस?"

"आक्का आत हायेत."

"असू दे. वाच."

तिने त्या चार ओळी हळू आवाजात वाचल्या. माझी भाकरी तव्यावर करपली. आत्या म्हणाल्या, "व्हय. असंच म्हनले व्हते मी. शाई आना."

शाईची डबी मीच नेली. त्यांनी अंगठा त्या चार ओळींच्या शेजारी उठवला, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुज्या कागदावर नगं का?"

"माझा सरांकडे आहे आत्या."

"त्येबी खरंच हाय म्हनावं. मास्तर वाचायचे."

पुढचा रविवार धाकटीचा होता. सर तिला सगळं सांगणारच होते, म्हणून सकाळी एसटी थांब्यावर मीच म्हटलं, "तू रचतेस असं मी सरांना म्हणाले होते."

"कळलं मला, आक्का. अंगठा उगंच कोन मागंल?" ती पिशवी सावरत म्हणाली. "मग आता काय सांगू त्यांस्नी?"

"सांग, आक्कांना ठाऊक नव्हतं."

"त्ये तर खरंच हाय."

तिने हे टोचून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तसं ती म्हणाली नाही. संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले आणि चहा ठेवला. मला दहा, तिला अठरा. पुढे आम्हा दोघींनाही पदवी मिळाली, तिला वरच्या श्रेणीत. मी मुख्याध्यापिका झाले. गॅदरिंगला बायका तिला गोष्ट सांगायला बोलवायच्या आणि मी माइकची व्यवस्था बघायचे.

धाकटा दीर, म्हणजे तिचा नवरा, फौजेत होता. आईला तो वेगळं पत्र लिहायचा आणि ते वाचून दाखवण्याचं काम माझ्या लग्नापासून माझ्याकडे होतं. त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी त्याचं पत्र आलं. आत्यांनी ते नेहमीसारखं माझ्याच हातात दिलं. मी सगळं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत, कडेला आडवं लिहिलेलंसुद्धा. आत्यांनी मान डोलावली, पत्र घडी करून पदरात धरलं आणि उठून आत गेल्या.

"धाकटे," आतून आवाज आला, "जरा वाच गं."

त्या होत्या तोवर प्रत्येक पत्र असंच दोनदा वाचलं गेलं. आधी माझ्याकडून, मग तिच्याकडून. मी पुन्हा कधी एक ओळ गाळली नाही. आत्यांनीही मला कधी काही म्हटलं नाही.