पोरांच्या जागी बसणारे गुरुजी

वर्गात शिरले की गुरुजी आधी खाली बसायचे. खुर्चीवर नाही. एखाद्या पोराला उठवून त्याच्या जागेवर, जमिनीवर, मांडी घालून.

"सरक बाबा, हितनं काय दिसतंय बघू दे."

देह भलामोठा. बसताना धप्प आवाज व्हायचा आणि उठवायला दोघा पोरांना हात धरून ओढावं लागायचं. ओढायचा मान कुणाचा, यावरून भांडणं व्हायची.

तुम्हीही पुष्कळ शिक्षक पाहिले असतील. फळ्यापाशी उभं राहून वर्गाकडे बघणारेच बहुतेक. मीही त्यांतलाच.

ताम्हिणीच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून वर चढलं की लागणाऱ्या एका वाडीवर आमची शाळा होती. शिक्षक आम्ही दोघंच. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. ते मुळशीतलेच, मी बदली होऊन आलेलो.

एकदा मागच्या कोपऱ्यात बसून त्यांनी मला हाक मारली. "सर, या हितं. बसा."

बसलो. खिडकीतला उजेड फळ्यावर पडत होता आणि अर्धा फळा नुसता चकाकत होता. अक्षर एक दिसेना.

"ह्या कोपऱ्यातली पोरं ढ न्हाईत. त्यास्नी दिसतच न्हाई."

त्याच दिवशी आम्ही फळा दुसऱ्या भिंतीवर टांगला. खिळा चुकीच्या जागी बसला आणि फळा कायमचा तिरका झाला. मी म्हटलं, "गुरुजी, पोरांच्या ओळी तिरक्या जातील." ते म्हणाले, "जाऊ द्या. सरळ करायला आपुन हाय की."

पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा व्हायचा की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो. गुरुजी ओरडत नसत. पोरांच्या जोड्या लावायचे आणि एकमेकांच्या कानात धडा वाचायला सांगायचे. सगळ्या वर्गाची डोकी दोन-दोन करून जुळलेली, ओठ हलतायत आणि मधूनच कुणाच्या कानाला गुदगुल्या झाल्या म्हणून हसू. गुरुजी रांगत रांगत एकेका जोडीपाशी जाऊन आपलाही कान लावायचे.

त्यांच्या दुसरीत कातकरी वाडीवरची एक मुलगी होती. दाराशी बसायची आणि सारखी बाहेर बघायची. काही विचारलं की दचकायची. मी गुरुजींना म्हटलं, "हिचं ध्यानच नाही अभ्यासात."

दुसऱ्या दिवशी गुरुजी तिच्या जागी जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग मला बोलावलं. तिथून जांभळीचं झाड दिसत होतं. झाडाखाली तिची धाकटी बहीण मातीत बसलेली, हातात भाकरीचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर डोळा ठेवून एक कुत्रं. आई मजुरीला गेली की ही तिला कडेवर घेऊन यायची आणि बाहेर ठेवायची.

"ध्यान हाय तिचं, सर," गुरुजी म्हणाले. "फळ्यावर न्हाई, एवढंच."

ते बाहेर गेले, धाकटीला उचलून आणलं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर थोरलीच्या मांडीला लागून बसवलं. त्या दिवशी थोरलीने पहिल्यांदा दाराकडे पाठ केली.

दिवाळीच्या सुमारास ती वाचायला लागली. पहिला शब्द पुस्तकातला नव्हता. धाकटी गोणीवर झोपलेली होती आणि तिच्या पायाशी जी अक्षरं दिसत होती ती थोरलीने लावली. "सि... में... ट." गुरुजी म्हणाले, "आता पाय उचल तिचा, फुडचं वाच."

पट कमी म्हणून पुढच्या वर्षी आमची शाळा बंद झाली. मुलांना खालच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत घातलं. आम्हा दोघांनाही तिथेच नेमलं. मुलांसाठी जीप ठरली.

ती शाळा वाईट नव्हती, हे सांगायला हवं. एका कंपनीने बांधून दिलेली. पक्का स्लॅब, फरशी, जमिनीला बोल्टने पक्की केलेली बाकं, धडे दाखवणारा भिंतीएवढा पडदा. गुरुजी पहिल्याच दिवशी एका बाकावर बसायला गेले आणि अडकले. कुणी हसलं नाही. मुलांनी आधी दारात कुणी उभं आहे का ते बघितलं.

मुख्याध्यापिका बाई नंतर हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यासाठी खुर्ची आहे ना. मुलांसमोर बरं दिसत नाही."

"व्हय, मॅडम."

ती मुलगी धाकटीला कडेवर घेऊन जीपमधून आली होती. फाटकावरच्या माणसाने दोघींना अडवलं. गुरुजी बाईंकडे गेले, मीही सोबत होतो.

"पडली-झडली तर जबाबदार कोण, गुरुजी? अंगणवाडी कशाला असते मग?"

"वाडीवर अंगणवाडी न्हाई, मॅडम."

"मग आईने बघायला हवं. माझ्या हातात नाही हो हे."

खरंच त्यांच्या हातात नव्हतं. मुलगी त्यानंतर काही दिवस एकटी आली. तिची जागा मधल्या रांगेत होती. तिथून दार दिसत नव्हतं. ती पडद्यासमोर बसायची आणि तिची नजर कशावरच नसायची. मग ती येईनाशी झाली.

एका रविवारी आम्ही दोघं तिच्या वाडीवर गेलो. आई दारात आली. "धाकटी दिसभर एकटी ऱ्हाती, गुरुजी. मी भाताच्या लावणीला जाऊ का तिला राखू?"

"मी बोलतो शाळंत."

"बोललाव की तुमी. काय झालं?"

गुरुजींनी खांबाआड उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "वाचतीस का गं काय?"

ती म्हणाली, "आठवत न्हाई."

आम्ही वाडी उतरलो. मला तेव्हा काय वाटलं ते मी आठवून बघतो. काही सापडत नाही.

दिवाळीनंतर तिच्या घरची सगळीच वीटभट्टीवर कामाला गेली. गुरुजी पुन्हा एकटेच जाऊन आले होते. मधल्या सुट्टीत चहा पिताना म्हणाले, "गेली भट्टीवर. दाराला कुडाचा झाप लावलाय." मग कपाकडे बघून म्हणाले, "चहा गार झाला."

त्यानंतर ते टेबलापाशी उभे राहू लागले. पडदा लावायचे, धडा संपला की बंद करायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांच्या वर्गाचं कौतुक केलं. किती शांत वर्ग, म्हणाले. गुरुजींनी हात जोडले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गेले. दुपारी अंगणात खाटेवर पडले होते, ते उठले नाहीत. मी गेलो तेव्हा त्यांना बाहेर काढलेलं होतं. मी हार घातला आणि बाजूला उभा राहिलो.

शाळा सुरू झाली त्या दिवशी हॉलमध्ये त्यांचा फोटो ठेवला. बाईंनी माइकवरून सांगितलं, "गुरुजींना श्रद्धांजली वाहण्यासाठी सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं." मुलं रांगेत, हात सरळ, आधीपासून शांतच उभी होती. मी त्यांच्या तोंडांकडे बघत राहिलो. दोन मिनिटं कधी सुरू झाली आणि कधी संपली ते कुणालाच कळलं नाही. शेवटी बाईंना टाळी वाजवून सांगावं लागलं, "झालं. बसा आता."