चावडीपर्यंत ऐकू जाणारे पाढे

आमच्या माणदेशातल्या गावात शाळा नीट चालते की नाही, हे चावडीवर बसून ठरायचं. पाढ्यांचा आवाज तिथवर आला तर गुरुजी शिकवतात, नाही आला तर फुकटचा पगार खातात. त्यामुळं आमचे गुरुजी पाढे शिकवत नसत, आमच्याकडून ओरडून घेत. नव्वदनंतरची गोष्ट; चारही इयत्ता एकाच पत्र्याच्या खोलीत बसायच्या. एकोणतीसचा पाढा सुरू झाला की तो आवाज पत्र्यावर आपटून माझ्या कानात शिरायचा आणि दाढा ठणकायच्या. मी कानांवर हात दाबून, डोळे मिटून डोलायचे. डोललं की बरं वाटायचं. एवढंच होतं ते.

पण आमच्याकडं बाई डोळे मिटून डोलली की तिच्या अंगात देवी आली, हे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. पहिल्याच वेळी मुली मागं सरकल्या आणि गुरुजींनी छडी खाली ठेवून हात जोडले. माणूस भित्रा, पण त्याच्या भित्रेपणाचे माझ्यावर उपकार आहेत. दर खेपेला म्हणायचे, "आईसाहेब, भाईर लिंबाखाली बसा. हितं लय गर्दी हाय." तिसरीतल्या पोरीला अहो-जाहो! मी पाटी घेऊन लिंबाखाली जायचे, तिथं गणितं सोडवायचे आणि ती बरोबर यायची. ती जागा गेली तर माझी शाळा संपली, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईचाही भाव वधारला. नवऱ्यानं टाकलेली म्हणून जिला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, तिच्या दारात बाया नारळ घेऊन यायला लागल्या. एकीनं मला विचारलं, "आई, माजी शेळी कुटं गेली?" मी म्हटलं, "मला काय म्हाईत?" तर ती कान धरून म्हणाली, "कोपली गं बया!"

मग गुरुजींची बदली झाली आणि साताऱ्याहून बाई आल्या. टापटीप, शिकलेल्या, अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणाऱ्या. मला वाटलं, या तरी समजून घेतील. त्यांनी शाळेपुढं गाव गोळा केलं, मला खुर्चीवर उभं केलं आणि विचारलं, "खरं सांग. तुझ्या अंगात देवी येते?"

मी खरं सांगितलं. "न्हाई. पत्र्याखाली आवाज लय व्हतो, कान फाटत्यात. डोललं की..."

"ऐकलंत? नाही म्हणाली!" बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मी पुन्हा आवाजाचं सांगायला लागले. त्या म्हणाल्या, "आवाज सगळ्यांनाच येतो. बाकीची मुलं डोलतात का?" लोक हसले. शेळीवाली सगळ्यात मोठ्यानं हसली. आईनं मला खुर्चीवरून खाली ओढून मुस्काटात मारली. "सोंगाडी! गावात नाक कापलंस माजं." आईचा राग मला समजतो. बाईंच्या त्या टाळ्या मात्र मी अजून माफ केलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाखाली जाणं बंद. बाईंनी मला खोलीच्या मधोमध बसवलं आणि दोन्ही बाजूंना दोन दांडग्या मुली. पाढे सुरू झाले की त्यांनी माझे हात धरायचे, खांदे दाबायचे. त्यांना हा खेळ फार आवडला. एक नखं रुतवायची. दुसरी कानाला तोंड लावून "एकोणतीस एके" किंचाळायची आणि बाई म्हणायच्या, "छान, अजून मोठ्यानं!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज खाल्ला.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझं डोलणं थांबलं. पुढं तपासणीला साहेब आले तेव्हा बाईंनी मला उभं केलं. "हीच ती मुलगी. आता बघा." पत्रा हादरेपर्यंत वर्ग ओरडला. मी हात खाली सोडून ताठ उभी राहिले. साहेबांनी बाईंना शाबासकी दिली. दारातून आई बघत होती, आणि कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं बघून हसली.

साहेब वाकून म्हणाले, "काय बाळ, आता बरं वाटतं ना?"

मी नुसती मान हलवली. गालाचं आतलं मांस मी दातांनी चावून धरलं होतं. बोलायला तोंड उघडलं असतं तर रक्त त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं असतं.