पोपटीची पहिली शेंग

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या रोह्याच्या घरात भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातही मी जिंकलेली. त्यातली पाच बंद होती, कारण सेल आणून घालायला मला वेळ मिळत नसे. वेळ मिळत नसे, कारण मला स्पर्धा असायच्या. आमचे हे कंपनीत शिफ्टला निघताना मोबाइलमध्ये बघून निघायचे.

पाककला, रांगोळी, उखाणे, टाकाऊतून टिकाऊ, एका मिनिटात जास्तीत जास्त बटणं लावणे... मला काहीही चालायचं. रोह्यापासून नागोठण्यापर्यंत कुठे मंडप दिसला की मी आत शिरून नाव नोंदवायचे. (एकदा नाव नोंदवल्यावर कळलं की तो मोफत नेत्रतपासणीचा मंडप आहे. डोळे तपासून घेतले. नंबर वाढलाय म्हणाले. बाहेर एवढा मोठा बोर्ड होता, तो मला दिसला नव्हता, म्हणजे त्यांचं खरंच असणार!)

स्पर्धा जवळ आली की घरात सराव सुरू व्हायचा. नाचणीच्या पदार्थांची स्पर्धा होती तेव्हा ह्यांच्या डब्यात ओळीनं अकरा दिवस नाचणी गेली. बाराव्या दिवशी कंपनीतल्या मित्रानं ह्यांना हळूच विचारलं, "डॉक्टरनी काय सांगितलंय रे तुला?" बरं, सरावाचा पदार्थ खायचा, पण खऱ्या पदार्थाला हात लावायचा नाही, असा तेव्हा आमच्याकडे नियम. एकदा मी तीन तास बसून गाजराचा राजहंस कोरला आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर हे वरणभात जेवतायत आणि राजहंसाची फक्त शेपटी उरलीय! दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हेच म्हणाले, "तसा चवीला बरा होता हां."

मग जरा थांबून म्हणाले, "आमच्यासाठी करतेस तो स्वयंपाक कुठल्या स्पर्धेत बसत नाही का गं?"

मी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य मला लागलं. खरं सांगायचं तर या छंदाची सुरुवात एका 'वा'पासून झाली. घरात जेवण चांगलं झालं तर कोणी काही बोलत नाही, बिघडलं तरच बोलतात. तीस वर्षं मी तेच ऐकलं. मग एका हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात परीक्षक बाईंनी माझी अळूवडी खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा!" घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन रडले. त्या एका 'वा'साठी मी पुढे गावोगाव ताटं घेऊन फिरले, आणि त्यात मला काही चूक वाटत नाही. चूक एवढीच झाली की हळूहळू मला माइकवरचंच 'वा' ऐकू यायला लागलं. घरात कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तर ते माझ्या लक्षातही येईना.

तर गेल्या वर्षी जानेवारीत माझ्या वडिलांचा, नानांचा, पेणहून फोन आला. माझं माहेर पेणचं. घरामागे आमचं वावर, वावरापलीकडे खाडी आणि मिठागरं. भात निघाला की नाना त्याच वावरात वाल लावतात आणि शेंगा भरल्या की एका रविवारी पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा, म्हणजे रानातल्या वासाच्या झुडपाचा, पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, परत पाला, तोंडाशी पाला घट्ट कोंबून मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. मडकं कायम नानांनीच भरायचं. आणि आमच्या घरची एक रीत आहे. ज्यानं मडकं भरलं, त्याला घरातल्या थोरल्यानं पहिली शेंग आपल्या हातानं भरवायची. आजोबा होते तोवर ते नानांना भरवायचे. ते गेल्यावर आई भरवायची. आई गेली, तेव्हापासून पहिली शेंग नाना नुसतीच हातात धरून बसतात आणि मग कोणा लहानग्याला देऊन टाकतात.

"यंदा मडकं तू भर गो," नाना फोनवर म्हणाले. "माझ्या हाताला कंप सुटलाय. शेंगा खाली पडतात. मी बसून बघतो. मला पण एकदा पहिली शेंग भरवायची हाय कोणालातरी."

"कधी नाना?"

"या रविवारी."

त्याच रविवारी रोह्याच्या मैदानात पोपटी स्पर्धा होती आणि माझं नाव पहिलं होतं! कोणत्याही शहाण्या बाईनं स्पर्धा सोडली असती. मी नानांनाच उचलून रोह्याला आणायचं ठरवलं. स्पर्धाही होईल आणि पहिली शेंगही होईल, असा माझा हिशोब. नाना लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, लेकीच्या घरी पोपटी आहे. मैदान, नंबर, परीक्षक यातलं मी काही सांगितलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी आणि नाना पेणहून आगगाडीत बसलो. नानांच्या मांडीवर नवं मडकं, पायाशी शेंगांची गोणी आणि हातातल्या पिशवीत मिठागरातल्या जाड्या मिठाची पुरचुंडी. कासूला चढलेल्या एका माणसानं विचारलं, "बाबा, मडक्यात काय हाय?"

"अजून काय नाय," नाना म्हणाले. "माझी लेक भरणार हाय."

हेच उत्तर त्यांनी नागोठण्याला चढलेल्या बाईला दिलं, आणि निडीला तर कोणी विचारलं नव्हतं तरी दिलं.

मैदानात पोचल्यावर नानांनी ती मडक्यांची रांग बघितली. प्रत्येक मडक्यासमोर नंबराची पाटी.

"ह्ये काय गो? एवढी माणसं तुझ्या घरची?"

"स्पर्धा आहे नाना. तुम्ही इथे खुर्चीत बसा. ही पिशवी सांभाळा."

नाना बसले. शेजारच्या नंबराला आमच्या गल्लीतल्या नसीमभाभी होत्या. मुलगा गल्फमध्ये, सून माहेरी, म्हणून वेळ घालवायला आलेल्या. त्यांच्याकडे शेंगा, बटाटे, अंडी एवढंच. माझ्याकडे मात्र पनीर, जांभळा कोबी, बेबीकॉर्न आणि इटालियन मसाल्याचं पाकीट! कारण गुण तीन गोष्टींना होते: चव, मांडणी आणि नावीन्य.

नानांनी बेबीकॉर्न उचलून बघितलं. "ह्ये काय?"

"मक्याचं कोवळं कणीस, नाना."

"मग जरा मोठं तरी होऊ द्यायचं त्याला."

मी मडकं भरायला घेतलं. हे मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. पाला घातला. "थांब, पदर मधे आला, परत घाल." परत घातला. शेंगा घातल्या. "चेहरा इकडे." ओवा टाकला, चेहरा इकडे केला. इटालियन मसाला टाकला, हसले. पनीर लावलं, आणखी हसले. पाला कोंबला, मडकं उपडं केलं, जाळ लावला. टाळ्या!

"गो बाय, जरा इकडं ये," नाना खुर्चीतून म्हणाले.

"आले नाना, पाच मिनिटं."

थोड्या वेळानं परत. "बाय, त्या मडक्याचं..."

"नाना, आता नको. वेळ लावलाय मी."

तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी चक्क खेकसले, "नाना, परीक्षक बघतायत!"

नाना पिशवी मांडीवर घेऊन जाळाकडे बघत बसले.

इथल्या परीक्षक बाईंचा सगळ्यांनी धसका घेतलेला होता. बाई खाऊन नुसते गुण देत नसत, माइकवरून बोलत. मागच्या स्पर्धेत एकीला त्या भर मंडपात म्हणाल्या होत्या, "खिरीत वेलची झोपलीय, उठवा तिला!" ती बाई त्यानंतर कुठल्या स्पर्धेत दिसली नाही.

मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र आवाज झाला. उघडलं. वास असा सुटला की नसीमभाभी म्हणाल्या, "अल्ला, काय घमघमाट!" मी केळीच्या पानावर नक्षी मांडायला घेतली. तेवढ्यात नाना काठी टेकत आले, एक शेंग उचलली आणि थरथरत्या हातानं माझ्यापुढे धरली.

"तोंड उघड."

"नाना, हात नका लावू! मांडणी बिघडेल. परीक्षकांच्या आधी कोणी खायचं नाही."

त्यांचा हात तसाच मागे गेला. शेंग कुठे गेली ते मी बघितलंही नाही.

परीक्षक येईनात. स्टेजवर पाहुण्यांचे सत्कार चालले होते आणि पाहुणे संपत नव्हते. शाल, नारळ, फोटो. शाल, नारळ, फोटो. शेंगा गार व्हायला लागल्या. शेवटी मीच स्टेजपाशी गेले, तर मला कोणीतरी नारळ धरायला उभं केलं! अर्ध्या तासानं सुटून परत येते तर माझ्या नंबराभोवती ही गर्दी.

मधोमध नाना बसलेले. "या, बसा. लाजू नका. आमच्या वावरातला वाल हाय." बाजूच्या स्पर्धक बायका खातायत, मंडपवाला खातोय, नसीमभाभी वाटायला मदत करतायत आणि आमचे हे, राजहंसानंतर पहिल्यांदाच खऱ्या पदार्थाला हात लावायला मिळालेले, दोन्ही हातांनी खातायत! केळीच्या पानावर टरफलं होती. आणि बेबीकॉर्न. त्याला कोणी शिवलं नव्हतं.

"नाना! काय केलंत हे?" मी ओरडले. सगळे थांबले. "माझी सगळी मेहनत वाया घालवलीत! तुम्हाला मी आणलंच कशाला!"

हे वाक्य मी बोलले. आज लिहिताना खोडावंसं वाटतंय, पण बोलले.

नसीमभाभींनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "चिडू नको गो. त्यात मीठच नव्हतं."

"काय?"

"एक दाणा नाय. सगळ्यांना वरून लावून दिलं आम्ही."

त्यांच्या हातात पुरचुंडी होती. तिची गाठ आत्ता कुठे सुटलेली. मी मडकं भरलं तेव्हा ती पिशवीतच होती, पिशवी नानांच्या मांडीवर होती, आणि नाना मला तीनदा हाक मारत होते. मिठागराच्या शेजारी वाढलेली बाई भर मैदानात मीठ विसरली होती!

"नाना, मग सांगितलं का नाही?" मी म्हणाले आणि जीभ चावली.

"त्या बाई माइकवर बोलतात म्हणे," नाना शांतपणे म्हणाले. "म्हटलं, तिथवर जायलाच नको. खाणारी माणसं काय बोलत नायत."

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली मातीतच बसले. नानांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मघाची शेंग काढली. गार झालेली, खिशातला धागा चिकटलेली. सोलताना दोन दाणे खाली पडले. उरलेल्या दाण्याला त्यांनी मिठाचा खडा लावला.

"आता तरी उघड तोंड."

उघडलं. त्या एका दाण्याला जी चव होती ती मी आजवर कुठल्या ताटात मांडू शकलेले नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि मी धुरावर ढकललं. जाळ केव्हाच विझला होता, पण कोणी हटकलं नाही.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. टरफलांकडे बघून त्यांनी चष्मा सारखा केला. "यात नावीन्य काय?"

तोंड पुसत आमचे हे म्हणाले, "संपलं."

नंबर अर्थातच आला नाही. नसीमभाभींचा दुसरा आला. पण सहभागाबद्दल प्रत्येकीला घड्याळ मिळालं, ते आमचं आठवं. घरी आल्या आल्या ह्यांनी सगळ्या घड्याळांत सेल घातले.

स्पर्धा मी सोडल्या नाहीत. सोडणारही नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण आता वर्षातून दोनच, आणि पदार्थ आधी घरात वाढायचा, उरला तर स्पर्धेला. (दोनदा उरला नाही. ते दोन्ही दिवस बरे गेले.)

या जानेवारीत पोपटी पेणला, वावरात. ना पाटी, ना व्हिडिओ. मडकं मीच भरलं, आणि मीठ विसरायचं नाही म्हणून प्रत्येक थराला मोठ्यानं "मीठ!" म्हणत टाकलं. मडकं उघडलं, नानांनी पहिली शेंग मला भरवली आणि दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी 'वा'ची वाट बघत होते.

नाना बराच वेळ चावत राहिले. मग पाण्याच्या लोट्याकडे हात पुढे करून म्हणाले, "गेल्या वर्षीचंबी यंदाच टाकलंस काय गो?"