शिपाईकाका आणि बंद घरं

“काल राती भाताक तांदूळ किती घातलंस गो?”

कुठल्याही घराच्या खळ्यात उभं राहिलं की शिपाईकाका आधी हे विचारायचे. तब्येतपाणी, मुलाचा फोन, काजूचा मोहोर हे सगळं मागाहून. घरातल्या बाईलाही त्यात वावगं वाटायचं नाही. ती हात पुसत बाहेर यायची आणि सांगायची, “दीड वाटी.” मग काका माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणायचे, “लिही. दोन माणसां.”

ते आमच्या ग्रामपंचायतीचे शिपाई. गाव मालवण-कुडाळ रस्त्यापासून आत, खाडीच्या अंगाला. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला ते नीट जमेल याची खात्री नव्हती. अजूनही नाही. तुम्ही वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या गावात असा एखादा माणूस असेलच, तेव्हा माझं कुठे अपुरं पडलं तर तुम्ही तो माणूस आठवून भर घाला.

कॉलेजात आम्हाला भूगोलाचा प्रकल्प होता. आपल्या गावातली घरं आणि माणसं मोजायची, मागच्या नोंदींशी ताडून बघायची. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रकल्प म्हणजे नेमकं काय हे घरी कुणाला विचारायची सोय नव्हती. मी वही घेतली आणि पहिल्या दिवशी एकटीच निघाले.

पहिल्याच घरात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, “घरात माणसं किती?”

“चवदा,” ती म्हणाली.

मी लिहिलं. पुढच्या घरात नऊ. त्याच्या पुढे अकरा. संध्याकाळी वही घेऊन पंचायतीत गेले तेव्हा मला वाटत होतं, काम चांगलं झालं. शिपाईकाका कपाटं बंद करत होते. त्यांनी चष्मा लावला, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि टेबलाला धरून हसत सुटले.

“गो बाये, ह्यो तू चतुर्थीचो गाव लिहून हाडलंस!”

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. चतुर्थी सोडली तर ती म्हातारी एकटीच राहते. तिचे तीन मुलगे मुंबईला, त्यांच्या बायका, त्यांची मुलं, आणि एक नातू तर अजून गावाला आलेलाच नाही. पण तिच्या हिशेबी ती सगळी याच घरातली माणसं. “तुका वाटता ती खोटा बोलली? तिची चवदाच आसत. चुकी तुझी. माणसां इचारू नये, तांदूळ इचारूचे.”

पुढच्या शनिवारपासून ते माझ्याबरोबर यायला लागले. खरं तर त्यांना यायची काही गरज नव्हती. पण गावातली सगळी घरं त्यांना त्यांच्या क्रमांकासकट पाठ होती, आणि मला वाटतं, कुणीतरी ती विचारतंय याचा त्यांना आनंद झाला होता.

बंद घराशी पोचलो की ते आधी दाराची चौकट बघत. वाळवी चौकटीत आधी लागते, असं त्यांचं म्हणणं. हातातल्या काठीने ते वाळवीचा मातीचा पट्टा खरवडून टाकत आणि मगच मला क्रमांक सांगत. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “माझ्या कामात बसणा नाय, पण वाटेर बसता.”

जुनी मातीची घरं पडली तिथे चिऱ्याची नवी, स्लॅबची घरं आली होती. खाडीच्या रस्त्याला कुंपणाचे बंगले होते, त्यांच्या फाटकाला कुलूप आणि आत कुणीतरी लावलेल्या झाडांना पाणी घालायला येणारा माळी. माझ्या वहीत घरांचा रकाना मागच्या नोंदींपेक्षा लांब झाला आणि माणसांचा आखूड. मी गोंधळून विचारलं, “काका, वर्षभर कुलूप असलेलं घर मोजायचं का?”

“मोज तर. पण दोन तऱ्हा कर. एक रवाचा घर, एक येवचा घर.”

माझ्या प्रकल्पात तेच दोन रकाने आहेत, राहायचं घर आणि यायचं घर. सरांनी विचारलं, हे वर्गीकरण कुठून आणलं. मी सांगितलं, आमच्या शिपायांनी केलं. सर हसले, पण खोडलं नाही.

याच दिवसांत आमच्या उपकेंद्रात नवीन नर्सबाई आल्या. घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. नवरा टेम्पो चालवायचा, दोन मुलं शाळेच्या वयाची. उपकेंद्राची राहायची खोली गळत होती, म्हणून त्या कुडाळहून रोज ये-जा करायच्या आणि गावात भाड्याने घर शोधत होत्या. निम्मं गाव कुलूपबंद असताना त्यांना एक घर मिळेना.

घर शोधायचं काम काकांनी अंगावर घेतलं. का घेतलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. काकींनी सांगितलं, एकदा मला पेज वाढताना. गावच्या शाळेत मुलं इतकी कमी झाली होती की जूनला ती शेजारच्या गावातल्या शाळेला जोडणार असं बोललं जात होतं. काकांची नात तिसरीत होती, आजी-आजोबांकडे राहून शिकत होती. शाळा बंद झाली तर तिला आपल्याकडे घेऊन जायचं, असं मुंबईच्या मुलाने कळवलं होतं. नर्सबाईंची दोन मुलं आली तर शाळा टिकणार होती.

“ता पोर गेला तर ह्या घरात आमी दोगाच,” काकी म्हणाल्या. “आणि ह्येंका तर जेवताना कोणतरी चिडवूक व्हया.”

मग रोज दुपारी पंचायतीत काका मुंबईला एकेका घरमालकाला फोन लावायचे. आवाज मोठा करून ठेवायचे, कारण त्यांना कानाशी धरून ऐकू यायचं नाही. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

“शिपायानु, नर्सबाय चांगली आसतली. पण उद्या कूळ लागला तर? घर जाईत हातातसून.”

“आमचे सात हिस्सेदार. एक बडोद्याक आसा. सगळ्यांची सही खंयसून हाडू?”

“देवंक काय हरकत नाय हो, पण चतुर्थीक आमी खंय रवतलो?”

हे शेवटचं प्रत्येकाने विचारलं. एकाला काका शेवटी म्हणाले, “वर्षाचे धा दिवस तुमी येतास. बाकीचे दिवस वाळवी रवता. तिचा नाय कूळ लागणा?” तिकडचा माणूस खूप हसला, आणि नाही म्हणाला.

मला त्या लोकांचा राग येत होता. काकांना येत नव्हता. “तेंका वाटता, घर दिला तर येवची वाट गेली,” एवढंच ते बोलले.

माझ्या यादीत सर्वांत शेवटी काकांचं घर आलं. मी तिथे कितीदा तरी गेले होते, पण मोजायला म्हणून पहिल्यांदाच. एकाच पडवीला दोन दारं होती. एक उघडं. दुसरं फणसाच्या लाकडाचं, जाड, चांगलं, आणि त्याला कुलूप.

“ता भावाचा,” काका म्हणाले. “लिही, बंद.”

मी लिहिलं. मग उगाच विचारलं, “चावी मुंबईला का?”

“चावी हंयच आसा,” आतून काकी म्हणाल्या. “देवाच्या फळीर. नऊ वर्सां.”

काकांनी आत असं बघितलं की काकी गप्प झाल्या. पण थोड्या वेळाने, काका गोठ्याकडे गेल्यावर, त्यांनीच सांगितलं. मागच्या परसात मोठा फणस होता. घर वाटून घेतलं त्या वर्षी धाकट्या भावाने काकांना न विचारता तो तोडला आणि आपल्या वाट्याला दार करून घेतलं. त्यावरून जे भांडण झालं ते झालंच. भाऊ त्यानंतर चतुर्थीलाही आला नाही. काका पडवीत बसले की नेहमी त्या दाराकडे पाठ करून बसत, हे मी पाहिलं होतं, पण मला वाटलं होतं की उन्हामुळे.

काका परत आले. मी बोलायला नको होतं, माझं वय काय आणि त्यांचं काय. पण तोंडातून गेलं, “काका, तुम्ही सगळ्यांना त्यांचं घर मागताय...”

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली, परत दिली. “काळोख पडात. घराक जा.”

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मीही शरमेने पंचायतीत कमी जायला लागले.

मग एका दुपारी मी पंचायतीची जुनी नोंदवही परत करायला गेले होते आणि नर्सबाई तिथे आल्या. त्यांच्या हातात बदलीचा अर्ज होता. “काका, तुम्ही लई धडपड केली,” त्या म्हणाल्या. “पण आता पोरांच्या शाळेचं बघायला पायजे. सोमवारी देते हा.” काकांनी अर्ज वाचला, घडी घालून त्यांना परत दिला. “सोमवारीच द्या. आदी नको.”

त्या गेल्यावर काका स्टुलावर बसले. मग खिशातली छोटी डायरी काढली आणि फोनसकट माझ्यापुढे धरली. “ह्यो नंबर लाव.”

घंटी वाजली. तिकडून उचललं.

“मी बोलतंय,” काका म्हणाले.

तिकडून घाबरलेल्या आवाजात, “कोण गेला?”

“कोण जावंक नाय. घर भाड्यान देवचा आसा. तुझा.”

“कोणाक?”

“नर्सबायक. दोन पोरां आसत तिची. हंयच्या शाळेत घालतली.”

“आणि चतुर्थीक?”

इतक्या जणांनी विचारलेला तो प्रश्न. काकांचा आवाज एकदम चढला. “चतुर्थीक तू खंय येतस?”

“तू बोलवलंस खंय?”

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत लावला.

“आता बोलवतंय.”

तिकडे मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली. मग भाऊ म्हणाला, “चावी तुझ्याकडेच आसा मा?”

“आसा.”

“मगे उघड. माका इचारतस कित्याक?”

फोन बंद झाला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “बघलंस? अजून तसोच उर्मट आसा.” आणि उठले, सायकल घेतली, नर्सबाईंना गाठायला निघून गेले. त्यांच्या वहाणा स्टुलाखालीच राहिल्या होत्या.

नर्सबाई मे महिन्यात राहायला आल्या. शाळा जूनला उघडली, त्याच जागी. काकांची नात आणि ती दोन मुलं एकाच वर्गात बसायची, कारण वर्ग एकच होता. कुळाची भीती, हिस्सेदारांच्या सह्या हे सगळं इतर घरांत तसंच राहिलं. माझ्या वहीत फक्त एक घर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी काकांकडे दुर्वा द्यायला गेले. भाऊ बायको-मुलांसह आला होता. नर्सबाई बॅगा भरत होत्या, दहा दिवस कोल्हापूरला जायला. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं, पण गावची रीत त्यांनी एव्हाना ऐकली होती.

काका पडवीतून ओरडले, “ती बॅग सोडा आदी! भरलेल्या घरातसून माणूस भायर जाता काय?”

“काका, तुमची माणसं आलीत. झोपणार कुठं सगळी?”

“पडवी केदी मोठी आसा ती बघा,” भाऊ म्हणाला. “आमी हंयच वाढलो.”

काकांच्या देवाच्या खोलीत माटवी बांधायची होती. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती लाकडी चौकट, कवंडळाची रानफळं, काजूच्या पाल्याचे टाळे, शहाळी बांधून जड झालेली. एका टोकाला स्टुलावर काका, दुसऱ्या टोकाला उलट्या टोपलीवर भाऊ. दोघांचे हात वर.

“तुझ्याकडसून वर घे,” काका म्हणाले.

“वरच आसा. तुझो डोळो वाकडो.”

“माझो डोळो वाकडो? फणस तोडलंस तू!”

भावाने वरच्या चौकटीकडे बघितलं, मग काकांकडे.

“तोडलंय,” तो म्हणाला. “चुकलंय. आता बांधतस काय ही? माझे हात दुखतत.”

“माझे पण दुखतत,” काका म्हणाले, आणि दोघेही तसेच हात वर धरून उभे राहिले. दोघांच्याही हातात सुंभ होतं, पण आधी कुणी गाठ मारायची ते ठरत नव्हतं.