लाल पानांची वाट पाहताना

बागेची हौस असलेल्या माणसाकडे रिकाम्या कुंड्या आणि किस्से आपोआप साठतात. दोन्ही टाकवत नाहीत! धुळ्यात आमच्या कॉलनीतल्या बागप्रेमींचा एक ग्रुप आहे. मी त्यातला वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पीएच.डी. पानांच्या रंगांवर, पण स्वतःच्या अंगणात थंडीने लाल झालेलं एक पान कधी दाखवता आलं नाही. म्हणून मी काही सांगितलं की शेवटी म्हणतो, "बहुतेक असंच असावं."

*

एकदा ग्रुपला समजावलं, "दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळाला की झुडपांची पानं रंगतात. बहुतेक."

आमच्यातल्या कांतीशेठचं कापडाचं दुकान. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांनी अ‍ॅकॅलिफाच्या शोभेच्या झुडपाची कुंडी दुकानात एसीखाली ठेवली. दिवसभर गारवा, संध्याकाळी एसी बंद, रात्रभर शटरआड उकाडा. बरोब्बर उलटं!

आठवड्याने कुंडीत नुसत्या काड्या घेऊन आले. "सर, रंग काही आला नाही. डायरेक्ट पानगळच आली!"

*

सुमनअक्कांच्या लालपत्तीची, म्हणजे पॉइन्सेटियाची, तऱ्हा वेगळी. तिला रंगायला लांबलचक अंधारी रात्र लागते. अक्कांच्या फाटकावर नेमका रस्त्याचा दिवा. भिंतीकडची बाजू लालभडक, दिव्याकडची हिरवीगार.

मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "राहू द्या सर. हल्ली कुठल्याही रंगाची कुठल्याही रंगाशी युती होते!"

*

गेल्या डिसेंबरात मात्र कडाक्याची थंडी पडली आणि माझ्या नांदिनाच्या झुडपाच्या शेंड्याची पानं लाल व्हायला लागली. रविवारी कॉलनीचं कुंड्यांचं प्रदर्शन होतं. आयुष्यात एकदा तरी शिकवलेलं खरं करून दाखवायची संधी! 'थंडीने रंगलेली पाने' अशी छोटी कागदी पाटीसुद्धा लिहून ठेवली. तरी रोज सकाळी भिंगातून बघायचो. रंगच आहे ना? की रोग?

शुक्रवारी मुलीकडे अमळनेरला जावं लागलं. पाणी घालायला शेजारच्या नानांना सांगितलं. नाना कपाशीचे जुने शेतकरी, बोलणं अस्सल अहिराणी.

रविवारी सकाळी पाटी घेऊन थेट प्रदर्शनात पोचलो. नानांनी कुंडी आणून ठेवली होती. झाड हिरवंगार. लाल पान एकही नाही!

"सर, लाल्या पडेल व्हता!" नाना म्हणाले. कपाशीची पानं लाल पडली की आमच्याकडे त्या रोगाला लाल्या म्हणतात. "बठ्ठा लाल पानं तोडी टाकात मी. नही ते झाड गयंच व्हतं!"

मी पाटी हळूच खिशात घातली. तेवढ्यात परीक्षक आले. निवृत्त कृषी अधिकारी. वाकून, पानं उलटसुलट करून बघितली.

"एवढ्या थंडीत एक पान लाल नाही! पहिला नंबर! निगा कोण राखतं?"

मी नानांकडे बोट दाखवलं. हार त्यांच्या गळ्यात पडला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

घरी परतताना नाना कानाशी येऊन म्हणाले, "सर, पुढला साले बी तुम्ही गावले जा. झाडकडे देखाले मी शे ना!"