दुसरं कार्ड

माझी आत्या दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांची चित्रं काढते. गिऱ्हाइकाचं घर अजून कोरं असतं, ओट्याचा पत्ता नसतो, पण कपाटं कशी दिसतील आणि खिडकीचा उजेड कुठे पडेल हे त्याला आधीच बघायचं असतं. फर्निचरच्या शोरूमचा मालक आत्याला मापं पाठवतो, आणि दोन दिवसांत ती अख्खं स्वयंपाकघर कॉम्प्युटरवर असं उभं करते की माऊसने ते चहूबाजूंनी फिरवून बघता यावं. स्वतः मात्र एका शेगडीवर भागवते. "एकटीला लागतं किती?" म्हणते.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कॉलेजची चार वर्षं मी तिच्याकडेच राहिलो, आणि तिचा कॉम्प्युटरही मीच एकेक भाग आणून जोडून दिला. मग नोकरीसाठी लांब गेलो. सुरुवातीला ती कशासाठीही फोन करायची. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून एका दुपारी तीनदा केला. मी मीटिंगमध्ये होतो. "आत्या, प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फोन नको ना करूस," असं बोलून गेलो. मी ते संध्याकाळपर्यंत विसरलो. ती नाही विसरली.

म्हणूनच पुढचं सगळं मला सात महिन्यांनी कळलं.

एका मंगळवारी दुपारी ती एका पाच माणसांच्या कुटुंबाचं स्वयंपाकघर फिरवून बघत होती. अचानक पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन उमटले, माऊस जागच्या जागी थिजला, आतला पंखा घोंघावायला लागला आणि पडदा काळा झाला. मिनिटभराने कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला, जणू काही झालंच नाही. काम मात्र गेलं होतं. आठवडाभरात हे सहा वेळा झालं.

तिने एक वही केली. किती वाजता बंद पडला, तेव्हा काय उघडं होतं, कॉम्प्युटरचा डबा किती तापला होता, सगळं लिहायला लागली. मग एकेक संशयित घेतला. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला हुकूम देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून नव्याने घातला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. डबा उघडून रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ झाडली. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी आधी एक काढून बघितली, मग दुसरी. फरक शून्य. वहीत एका पानावर तिने लिहिलं होतं, "चित्र फिरवलं तरच पडतो. पत्र लिहिताना कधीच नाही." म्हणजे चोर कोण हे तिला जवळजवळ कळलं होतं. पण जवळजवळच.

शेवटी रिक्षात घालून तिने तो डबा बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तीन दिवस ठेवून घेतला.

"काकू, ठणठणीत आहे. तीन दिवस चालू ठेवला होता. तुम्हीच काहीतरी नको ते दाबत असाल."

"चालू ठेवून काय केलंत? चित्र फिरवून बघितलंत का?"

"चित्र कशाला फिरवू? पॉवर सप्लायची वायर बदलून दिलीय."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आत्याने वही पुढे केली. त्याने ती उघडलीही नाही. पण डबा उचलून देताना तो एक कामाचं बोलला. "कार्डाचाच संशय असेल तर दुसरं चालू कार्ड लावून बघा. असेलच की कुणाकडे तरी. एक दिवस मागून आणा."

आत्या घरी आली आणि फोनमधली नावं वाचत बसली. शोरूमचा मालक: त्याच्यासमोर यंत्र बिघडलंय म्हणायचं, तर तो काम दुसरीकडे नेईल. लिफ्टवाला. दातांचे डॉक्टर. एका मैत्रिणीचा नंबर, ती जाऊन दोन वर्षं झाली होती. माझं नाव. ते तिने दोनदा ओलांडलं. "एवढी वर्षं या गावात काढली," ती मला नंतर म्हणाली, "आणि एका दिवसासाठी एक वस्तू मागावी असा माणूस सापडेना. तेव्हा पहिल्यांदा जरा घाबरले बघ."

एक माणूस होता, पण त्याच्याशी चार वर्षं अबोला होता. बरोबर वरच्या मजल्यावरचा. लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायचा. त्याच्या मोरीचं पाणी आत्याच्या छतातून गळलं होतं, तेव्हा दोघांनी एकमेकांना नको नको ते सुनावलं होतं. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की दोघंही भिंतीकडे बघायचे. पण व्हिडिओच्या कामाला चांगलं कार्ड लागतंच, हे आत्याला ठाऊक होतं.

अडला हरी म्हणत ती वही घेऊन वर गेली. त्याने दार उघडलं आणि तिला बघून कपाळाला हात लावला.

"परत गळायला लागलं?"

"नाही. तुमच्याकडचं ग्राफिक्स कार्ड एक दिवस मिळेल का?"

मग त्याने वही घेतली आणि दारातच उभ्या उभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"तुम्ही हे सगळं एकटीने केलंत?"

"मग आणखी कोण करणार?"

"ताई, कार्ड म्हणजे माझं पोट आहे. रविवारी मी कामाला हात लावत नाही. रविवारी येतो."

रविवारी सकाळी तो आपला डबा आणि पडदा दोन्ही घेऊन खाली आला. टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी उघडे ठेवले. याचं कार्ड त्यात, त्याचं यात. मग दोघं आपापल्या पडद्यासमोर बसले आणि काहीतरी बिघडायची वाट बघायला लागले. आत्या त्याच्या कार्डावर स्वयंपाकघर गरागरा फिरवत होती. तो तिच्या कार्डावर व्हिडिओ पळवत होता.

"त्या खिडकीबाहेर काय आहे?" त्याने मध्येच वाकून विचारलं.

"काही नाही. बाहेरचं मला कुणी सांगत नाही."

बऱ्याच वेळाने आत्याने विचारलं, "आज घरी थांबावं लागत नाही का? मंडळी वाट बघत असतील."

"ती तीन वर्षं तिच्या आईकडे आहे. आई अंथरुणाला खिळलीय. महिन्यातून एकदा येते."

तीन वर्षं डोक्यावर एकाच माणसाची पावलं वाजत होती, आणि ते आत्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

चाळीस मिनिटं झाली असतील. त्याच्या पडद्यावर लाल-हिरवे चौकोन सांडले आणि पडदा काळा झाला. तो खुर्चीवरून उठून ओरडलाच, "ताई, आला! आजार माझ्याकडे आला!" दोघंही इतके हसले की आत्याला ठसका लागला. आपला कॉम्प्युटर बंद पडल्यावर इतका खूश झालेला माणूस तिने आयुष्यात बघितला नव्हता. तिच्याकडचं स्वयंपाकघर मात्र दुपारपर्यंत बिनबोभाट फिरत राहिलं. दोष कार्डातच होता. तिचं काही चुकलं नव्हतं.

त्याने ओळखीतून एक वापरलेलं, पण चांगलं कार्ड मिळवून दिलं आणि येऊन बसवूनही दिलं. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

पुढच्या रविवारी आत्याने दोन कप काढून ठेवले. तो आला नाही. यायला कारणच नव्हतं.

"मग तू बोलवायचंस ना," हे ऐकून मी म्हणालो.

"काय सांगून? सगळं व्यवस्थित चालू होतं ना."

जिन्यात आता दोघं थांबायचे. "चालतोय ना?" तो विचारायचा. "चालतोय," ती म्हणायची. एवढंच. अडीच महिन्यांनी त्याने बिऱ्हाड आवरलं आणि सासूच्या गावी बायकोपाशी राहायला गेला. निरोप घ्यायला आला तेव्हा आत्या शोरूमला गेली होती. दाराखालून चिठ्ठी सरकवलेली होती: "ताई, निघतो. कार्डावर धूळ बसू देऊ नका."

मी सुट्टीवर आलो तेव्हा डब्यात अनोळखी कार्ड बघून विचारलं, तेव्हा कुठे हे सगळं निघालं. मला फार लागलं. "मला का नाही सांगितलंस?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"अरे, तू लांबून काय करणार होतास?" ती पदराने पडदा पुसत म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

आता दर रविवारी मीच फोन करतो. कामं कशी चाललीत, गुडघा कसा आहे, विचारतो. ती सगळ्याला "छान" म्हणते. चार मिनिटांत दोघांचं बोलणं संपतं. मग मी आणखी काय बोलावं ते आठवायला लागतो, आणि तिला ते कळतं. "बरं, ठेवू का मग?" असं आधी तीच विचारते.